बाळंतविड्याची लेबलं : प्रकल्प नोंदी

२२ जुलै २०२४

बाळंतविड्याच्या नव्या संचासाठी कपड्यावर शिवायची लेबलं करून घ्यायची, हे आज ठरलं. संचात झबली, टोपडी, लंगोट आणि दुपटी. कुंची वेगळ्या ऑर्डरीवर. कुंची सोडली तर कापड सगळं मलमल, दुपट्याला दुहेरी. आजवर खोक्यावरच्या स्टिकरवर भागत होतं. पण खोकं बारशाच्या दिवशीच कचऱ्यात जातं, आणि वर्षभराने जाऊबाईला दिवस गेले की फोनाफोनी सुरू होते, ती झबली कुठून आणली होती म्हणून. याचं उत्तर कपड्यावरच हवं.

कटिंग मास्तरांचं म्हणणं, "नाव मानेमागेच शोभतं." मोठ्यांच्या शर्टाला ठीक आहे. तान्हं बाळ बहुतेक वेळ पाठीवर निजलेलं असतं, मानेला घाम असतो; तिथे शिवणीचे थर आणि वर पॉलिएस्टरची पट्टी नको. आमच्या झबल्यांचे बंद याच कारणाने पाठीवरून पुढे आणलेले आहेत.

म्हणून क्रम असा: आधी प्रत्येक कपड्यावरची जागा, मग त्या जागेला सोसेल तो माल, रंगरूप सगळ्यात शेवटी. लेबलवाल्यांचे कॅटलॉग नेमके उलट्या टोकाने सुरू होतात.

जागा ठरल्या त्या अशा. झबल्याला डाव्या कुशीच्या शिवणीत, खालच्या घेराजवळ, बाहेरच्या बाजूने. दुपट्याला एका कोपऱ्यात, हवं तेवढं मोठं. कुंचीला पाठीवरच्या घोळाच्या खालच्या काठाला. टोपड्याला काहीही नाही. टाळूशी आणि कानाशी लेबल लावायचं नाही यावर मास्तरांनीही वाद घातला नाही. लंगोटालाही नाही.

२५ जुलै

बोहरी आळीतून नमुने आणले. दोन-तीन दुकानदारांनी जुनी, दुसऱ्यांच्या नावांची उरलेली लेबलं मूठभर तशीच दिली, तीच जास्त कामाची ठरली. कॅटलॉगमधला नमुना नेहमी उत्तम दिवशी विणलेला असतो.

विणीव लेबलांत मुख्य तीन जाती. टॅफेटा साध्या विणीचं, जाड धाग्याचं, स्वस्त. कागदासारखं ताठ उभं राहतं. दप्तरांना, बॅगांना चालेल, आपल्याकडे बाद. सॅटिनला चकाकी छान, हाताला मऊ, पण वरचे लांब तरंगते धागे नखात अडकतात, आणि बाळाची नखं म्हणजे ब्लेडच. डमास्क बारीक धाग्याचं, दाट, अक्षर सर्वांत स्वच्छ. त्यातही धाग्याचा डेनियर विचारून घ्यायचा. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जेवढा लहान तेवढा धागा बारीक. ५० डेनियरचं आणि १०० डेनियरचं लेबल शेजारी ठेवलं की वेगळं सांगावं लागत नाही. "डमास्क आहे" एवढंच सांगणारा बहुधा जाड धाग्याचं देतो.

मालापेक्षा टोचतो तो काठ. रुंद मागावर एकाच वेळी अनेक लेबलांचे पट्टे विणले जातात आणि तापलेल्या पात्याने वेगळे होतात. पॉलिएस्टर वितळून काठाला बारीक कडक मणी धरतो. धागे सुटत नाहीत, पण कातडी घासते. अल्ट्रासॉनिक कापाचा, म्हणजे ध्वनिकंपनाने कापलेला, काठ बराच मऊ. अरुंद मागावर एकेक पट्टी विणली तर काठ विणीतलाच येतो, कापावाच लागत नाही, महाग पडतं.

तपासायला सगळी लेबलं खालच्या ओठावरून फिरवली. आमच्याकडे शिवणाऱ्या बायकांच्या बोटांना सुईने घट्टे पडलेत, त्या बोटांना सगळंच मऊ लागतं. ओठाला पात्याने कापलेला काठ लगेच कळला.

आणखी एक पाहिलं. विणीव लेबलाच्या पाठीला, जे रंग पुढे दिसत नाहीत त्यांचे धागे मोकळे धावत असतात. लेबल मधोमध दुमडून शिवलं तर पाठ आत जाते. सरळ पट्टी एकाच काठाने लटकवली तर ती पाठ उघडी राहते आणि धागे ओढले जातात. सरळ पट्टी बाद.

२९ जुलै

आज हीट ट्रान्सफरचा विचार केला. शिवायचं लेबलच नाही, छापच कापडावर चिकटवायचा. टोचणं नाही, शिवण नाही. बाहेरच्या देशांत बाळकपड्यांना आता हेच सर्रास दिसतं. ऐकायला उत्तम.

मलमलीवर करून पाहिलं. १५० अंशांवर प्रेस काही सेकंद दाबला. अडचण अशी की मलमल विरळ. चिकट थर दुसऱ्या बाजूला झिरपला आणि कापड तेवढ्यापुरतं प्लास्टिकसारखं झालं. जाड होजियरीवर हे होत नाही, म्हणून टी-शर्टवाले खूश असतात.

शिवाय एक जुनं प्रकरण. २००८ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने बाळकपड्यांच्या एका मोठ्या कंपनीसोबत सूचना काढली होती: काही बाळांच्या पाठीवर, नेमकं अशा छापील लेबलाच्या जागी पुरळ उठत होतं. तक्रारी आल्या त्या भरीव रंगाची पार्श्वभूमी असलेल्या छापाच्या. म्हणजे कधी काळी हे करायचंच झालं तर नुसती रेषेची अक्षरं, भरीव चौकट नाही. आमच्या कापडाला सध्या नकोच.

३ ऑगस्ट

आर्टवर्क. अक्षरं देवनागरीतच हवीत यावर घरात आणि कारखान्यात एकमत होतं. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

लेबलवाल्याच्या फॉर्मात "अक्षराची किमान उंची" असा रकाना असतो. तो रोमन कॅपिटल डोक्यात ठेवून केलेला. देवनागरीला तीन मजले आहेत: वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. २ मिलिमीटर उंची म्हटलं की तो सगळं त्यात कोंबतो आणि मधल्या मजल्याच्या वाट्याला जेमतेम १ मिलिमीटर येतो. म्हणून पुढे लिहिताना "शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत" एवढंच माप द्यायचं, वर-खाली लागेल ती जागा वेगळी सांगायची.

फॉन्ट 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' घेतला. मुक्त परवान्याचा आहे, धंद्याला वापरता येतो, आणि त्यात वजनं बरीच आहेत. 'बालू' सगळ्यांना आवडला होता, गुबगुबीत, बाळाच्या मालाला शोभणारा. पण तो मोठ्या आकाराचा फॉन्ट आहे. लहान केला की 'ब', 'ष', 'क्ष' यांच्या पोटातली पोकळी बुजते. दुपट्याच्या मोठ्या लेबलावर बालू, बाकी मुक्ता मिडियम. फार बारीक वजनही घेतलं नाही, कारण विणीत एका धाग्याहून पातळ रेष येऊच शकत नाही; फॉन्टमधली केसाएवढी रेष मागावर एक तर धाग्याएवढी जाड होते नाहीतर गायब.

फाइल पाठवताना अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे टंकाऐवजी नुसते आकार करून पाठवायची. समोरच्याचं सॉफ्टवेअर जुनं असतं. टंकलेली पाठवली की वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षर हलंतासकट सुटं पडतं. शिवाय 'ल' आणि 'श'. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले आहेत, आमच्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांनाही तेच ओळखीचे. समोरच्याच्या यंत्रात आपोआप हिंदी वळणाचे येतात. 'झबलं' असं लिहिलं आणि ल परका, हे चालणार नाही.

रंग दोनच: पांढऱ्यावर गडद निळा. प्रत्येक नव्या रंगाला बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, वेगळी फेर लागते, त्यामुळे लेबल जाड होतं आणि माग हळू चालतो. सहा रंगांचा मोर काढून देतो म्हणणारे भेटले. तो मोर कुशीत टोचेल.

१४ ऑगस्ट

डमास्कचे नमुने आले, ५० डेनियर, अल्ट्रासॉनिक काप. धागे मोजायच्या भिंगाखाली धरून बघितले.

मोठं नाव सुरेख. शिरोरेषा सरळ, तुटलेली नाही. तिरक्या रेषांना पायऱ्या दिसतात, पण हातभर अंतरावरून कळत नाहीत.

छोट्या ओळीत मात्र गंमत. मजकूर होता "थंड पाण्यात धुवा". 'ध'च्या डोक्यावर शिरोरेषा जिथे सुटी असते ती फट विणीत भरून निघाली, आणि लेबल सांगतंय "घुवा". तसंच "भिजवू नका" या ओळीत 'भ'ची गाठ बुजून "मिजवू". 'थंड'वरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटून नुसता फुगवटा झालाय. लेबलवाला फोनवर म्हणाला, "साहेब, समजतं की." समजतं, कारण आपल्याला आधीच माहीत आहे काय लिहिलंय.

३ मिलिमीटरच्या ओळीत ध, भ दोन्ही स्वच्छ आहेत. २ मिलिमीटरच्या ओळीत नाहीत. यावरून ठरवलं: विणीव लेबलावर मधल्या मजल्याची उंची ३ मिलिमीटरखाली नाही, अनुस्वाराचा ठिपका फॉन्टपेक्षा मोठा आणि शिरोरेषेपासून किमान दोन धागे वर, 'ध' आणि 'भ'ची फट हाताने रुंद केलेली. धुण्याच्या सूचना विणायच्याच नाहीत, छापायच्या.

२० ऑगस्ट

धुलाई. नमुने दुपट्यांवर शिवून घरच्या मशीनला घातले, बाळाचे कपडे आया धुतात तसेच गरम पाण्यात.

दुपट्यावर चारही बाजूंनी शिवलेल्या लेबलाखाली कापडाला सुरकुत्या. मलमल आटली, पॉलिएस्टर आटलं नाही, त्यामुळे लेबल मधून फुगून आलं. इस्त्रीने बसत नाही. उपाय दोन: दुपट्याचं कापड आधी भिजवून, आटवून मगच कापायचं, आणि लेबल चौबाजूंनी न शिवता दोन्ही टोकं आत दुमडून फक्त त्या दोन टोकांना टीप. मास्तर म्हणाले कापड तर असंही भिजवायलाच हवं, लेबल नसतं तरी. खरं आहे, पण भिजवायचं म्हणजे वाळवायला जागा हवी, आणि हा महिना श्रावणाचा.

रंग कुठे उतरला नाही. डमास्कच्या धाग्याला आधीच रंग दिलेला असतो, छापाची भानगड नाही.

२८ ऑगस्ट

लेबलावर काय लिहायचं. यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं.

किंमत नाही. बंद खोक्यात विकायच्या मालाला २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, नगांची संख्या, महिना-वर्ष, करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं द्यावं लागतं. पण ते खोक्यावरच्या स्टिकरवर. किंमत आणि महिना बदलत राहतात, हजारांत विणलेलं लेबल बदलत नाही. कोणती गोष्ट शिवायची आणि कोणती चिकटवायची, याचं उत्तर इथेच मिळतं.

नावापुढे गोलातला आर नाही. अर्ज केलाय, नोंदणी अजून झालेली नाही. नोंदणी नसताना तसं दाखवायला १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली मनाई आहे. तोवर टीएम चालेल, पण तेवढी दोन अक्षरं विणीत ठिपक्यासारखी दिसतात. तीही काढली.

एका ताईंनी सुचवलं, "खादी लिहूया, लोकांना आवडतं." आमची मलमल गिरणीची आहे. आणि हातसूत, हातमाग असतं तरी खादी म्हणून विकायला खादी मार्क लागतो, २०१३ च्या नियमांपासून. "१००% सुती कापड" एवढंच. कापड म्हटलं, कारण शिवायचा दोरा पॉलिएस्टरचा आहे.

धुण्याची चिन्हं आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या क्रमाने: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, ड्रायक्लीन. टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री, वर्तुळ. टबात ४०, म्हणजे पाणी ४० अंशांपर्यंत. इस्त्रीत तीन ठिपके सुती कापडाला चालतात, म्हणजे सर्वांत गरम इस्त्री. पण लेबल पॉलिएस्टरचं असेल तर तेच लेबल त्या उष्णतेला सोसणार नाही. दुपट्याच्या डमास्कमुळे दोन ठिपके, म्हणजे मध्यम. कपड्याची सूचना त्यातल्या सर्वांत नाजूक भागाला बघून द्यायची असते, आणि इथे नाजूक भाग खुद्द लेबलच.

चिन्हांखाली मराठीत एक ओळ. आजीला त्रिकोण कळत नाही, आणि बाळाचे कपडे बहुधा तीच धुते.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. लेबलवाले, शिवणाऱ्या, मास्तर सगळे दीड दिवस ते अनंत चतुर्दशी आपापल्या हिशेबाने सुट्टीवर. कापड भिजवण्याचं काम तेवढं उरकून घेतलं.

१९ सप्टेंबर

झबल्यासाठी छापील पट्टी. दोन पर्याय समोर होते.

एक, पॉलिएस्टर सॅटिनची फीत, तयार कपड्यांच्या आत जी पांढरी वॉशकेअरची पट्टी असते ती. त्यातही दोन प्रकार निघाले, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत: मोठं कापड उष्णतेने चिरून केलेली, आणि काठासकट विणलेली. चिरलेलीचा काठ कागदासारखा कापतो. शर्टाच्या आत कुशीला जी पट्टी आपण सगळे कात्रीने कापून टाकतो ती हीच. विणलेल्या काठाची बरी आहे.

दोन, सुती फीत. नाडीसारखी विणीव काठाची, १५ मिलिमीटर रुंद, बिनरंगाची. ओठाला काहीच लागत नाही. मुलायमपणा धुऊन वाढतो. दिसायलाही ती त्याच कपड्यातून आल्यासारखी. उणिवा दोन: छाप पिगमेंटचा, म्हणजे रंग बाइंडरने वर बसवलेला, आणि आडवी कापली की दोन्ही टोकांचे धागे सुटतात, कारण सूत वितळत नाही.

छापासाठी घासून पाहिलं: पांढऱ्या मलमलीचा तुकडा, कोरडा दहा फेऱ्या, ओला दहा फेऱ्या. पहिल्या छापणाऱ्याचा निळा ओल्या तुकड्यावर सरळ उतरला. बाळ लेबल चोखणारच, कुशीतून बाहेर आलेली वस्तू तोंडात गेली नाही तर ते बाळ कसलं. दुसऱ्याचा कोरडा स्वच्छ, ओल्याला अगदी फिकट झाक. त्याने सांगितलं, छापल्यावर उष्णतेत पूर्ण पकवलेलं नव्हतं. पुन्हा पकवून दिलं, मग झाक नाही. त्याच्या छापील फितीचं ओको-टेक्स प्रमाणपत्र, म्हणजे कापडात घातक रसायनं नाहीत याचं, मागून घेतलं. वर्ग पहिला, म्हणजे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठीचा. त्यात लाळेला आणि घामाला रंग टिकतो का हेही बघतात. प्रमाणपत्र वर्षभरच चालतं, म्हणून क्रमांक टाकून तारीख तपासली. चालू आहे.

सुटणाऱ्या धाग्यांचा प्रश्न दुमडीने सुटतो. पट्टी मधोमध दुमडली की दोन्ही कापलेली टोकं शिवणीत जातात, बाहेर फक्त घडी.

आणि एक फायदा आपसूक मिळाला: दुमडलेल्या पट्टीच्या पुढच्या अंगाला नाव, मागच्या अंगाला माप आणि धुण्याची चिन्हं. तीन लेबलांचं काम एका पट्टीत. मागचं अंग उलटं छापायला सांगायचं, नाहीतर दुमडल्यावर अक्षरं डोक्यावर उभी राहतील.

१ ऑक्टोबर

शिलाई मशीनवर चाचणी. घडी घालून बाहेर १२ मिलिमीटर राहील, आत शिवणीत ८. बाहेर याहून लांब नको. फाशासारखं बोट अडकायला नको आणि ओढायला पकडही मिळायला नको.

शिवणाऱ्या काकूंनी पट्टी दोन पदरांमध्ये ठेवून थेट ओव्हरलॉकला घातली. ओव्हरलॉकचं पातं शिवणीबरोबर पट्टीचं टोकही कापत जातं. एका बाजूचं टोक सुईत आलंच नाही आणि दोन ओढींत पट्टी बाहेर. मग असं बसवलं: आधी पट्टी पुढच्या पदरावर साध्या मशीनने टिपून घ्यायची, मग कूस ओव्हरलॉक, मग लेबलापुरती वरून आणखी एक टीप. वेळ जातो. काकूंचं गणित वेगळंच निघालं: "सगळ्या झबल्यांचे पुढचे पदर आधी टिपून घेते, मग ओव्हरलॉक न थांबता चालतं." तसं केलं तर खरंच वेळ फारसा वाढत नाही.

पट्टी रोलवर घ्यायची की कापून, दुमडून? रोल स्वस्त, पण कात्रीने कापताना प्रत्येकीचं माप वेगळं आणि नाव घडीवर सरकतं. कापून दुमडून घेतलेली पट्टी दाबून बसवलेली असते, घडी पक्की. तीच.

१० ऑक्टोबर

कुंची. इथे थोडी हौस करता येते. बाहेरून खण, आत मलमलीचं अस्तर. लेबल खणावर, बाळाच्या अंगाला लागतच नाही. बोरन्हाणासाठी काळ्या कुंच्या लागणार, संक्रांत १४ जानेवारीला.

काळ्या खणावर पांढऱ्या ताण्याचं, म्हणजे पांढऱ्या उभ्या धाग्यांचं, लेबल नको. रंग काळा सांगितला तरी ताणा पांढरा असेल तर काठाला आणि दुमडीवर राखाडी झाक दिसते. डमास्क मागावर ताणा बहुधा पांढरा किंवा काळा असतो, तेव्हा "काळा ताणा" असं ऑर्डरीत वेगळं लिहायचं. अक्षर जरीचं करून पाहिलं: चकाकी मस्त, पण जरीची धातूची चपटी पट्टी टोकाला खुपते, आणि कुंचीतल्या बाळाला कडेवर घेणाऱ्याच्या हाताला लागते. टोकं आत दुमडलेली असतील तरच. शेवटी पिवळसर पॉलिएस्टर धागा घेतला, लांबून जरीसारखाच दिसतो. मास्तरांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते कुंचीला खरी जरच हवी, आणि लेबलापुरती का होईना ती कंजुषी दिसते.

२१ ऑक्टोबर

ऑर्डरी दिल्या. दिवाळीआधीचा आठवडा, म्हणून तारीख दिवाळीनंतरचीच घेतली. घाईत विणलेलं नको.

झबली: सुती फीत, १५ मिलिमीटर, मधोमध दुमड, दोन्ही अंगांना छाप, मापांप्रमाणे तीन प्रकार. दुपटी: डमास्क ५० डेनियर, अल्ट्रासॉनिक काप, दोन्ही टोकं आत दुमडलेली. कुंची: तेच, काळा ताणा. हजाराखाली कुणी माग लावत नाही, त्यामुळे कुंचीची लेबलं दोन-तीन संक्रांतींना पुरतील. फितीचं छापकाम मात्र थोडकं मिळतं, म्हणून मापांचा अंदाज चुकला तरी फटका नाही. ऑर्डरीसोबत मंजूर नमुना सही करून पाठवला, दुसरा इथे फाइलला.

१८ नोव्हेंबर

माल आला. पुड्यांमधून मधूनमधून काढून तपासलं: दुमड मधोमध आहे, ध हा ध आहे, अनुस्वार सुटा. कुंचीच्या एका पुड्यात काप थोडा तिरका, शिरोरेषा काठाला समांतर नाही. पुडा परत, लेबलवाला बदलून देतो म्हणाला. "०–३ महिने" आणि "३–६ महिने"च्या पट्ट्या एकाच रंगात असल्याने टेबलावर मिसळतात; पुढच्या छपाईला मापाप्रमाणे कडेला एक रेष वेगळ्या रंगाची घालायची, तोवर वेगवेगळे डबे.

झबल्यांची पहिली थप्पी उद्या काकूंकडे टिपायला जाते.